नानांची डावी बाजू

मे महिन्यात हतनूर धरणाचं पाणी उतरलं की चांगदेवकडे, तापी-पूर्णेच्या संगमाच्या आसपास, गाळाचे पट्टे उघडे पडतात. यंदा अशाच एका पट्ट्यावर होडीचं टोक वर आलंय, असा चुलत भावाचा फोन आला. फोटोत हातभर काळं लाकूड आणि भोवती भेगाळलेला चिखल. मी जळगावला घरांचे नकाशे काढते. रविवारी पहाटे टेप, ओळंबा, दोरा आणि खुंट्या पिशवीत भरून निघाले.

आम्ही भोई. अण्णा, म्हणजे माझे वडील, याच पाण्यात जाळी टाकायचे. 2006 च्या ऑगस्टमध्ये ज्या पुराने खाली सुरत बुडवलं, त्याच पुरात त्यांची होडी दोर तुटून गेली. अण्णाही आता नाहीत. ही तीच होडी असावी, असं मला फार वाटत होतं आणि त्याचीच मला भीती होती. मनात एकदा धरलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

म्हणून चिखलाला हात लावायच्या आधी नानांकडे गेले. नाना अण्णांचे चुलत भाऊ, त्या होडीत बरोबर बसायचे. ते बोलत गेले तसं वहीत उतरवून घेतलं. साग सातपुड्यातला. फटींमध्ये सुताचा बोळा आणि वर डांबर. आणि एक खूण. "डाव्या अंगाला फळी फुटली होती, तोंडापासून दोन हात मागे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला आम्ही दोघांनी." तारीख-वेळ घालून त्यांना वाचून दाखवलं, आणि मगच गाळावर गेले.

समुद्रात लाकडाला टेरेडो लागतो. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या कुळातला, आणि फळी आतून पोखरून काढतो. आमच्या गोड्या पाण्यात तो नाही. शिवाय गाळाखाली हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजवणारी बुरशीही वाढत नाही. तापीचा गाळ धरणाच्या जिवावर उठलाय असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे, पण ही होडी राखली ती त्यानेच. उघडी पडली की मात्र तेच लाकूड वाळताना आक्रसतं आणि तडकतं. म्हणून जेवढा भाग मोजायचा तेवढाच मोकळा करायचा, बाकीवर ओलं गोणपाट. भुसावळकडच्या उन्हात गोणपाट अर्ध्या तासात कोरडं होतं, त्यामुळे भावाची दोन पोरं दिवसभर बादल्या वाहत होती.

होडीभोवती 6 बाय 3 मीटरच्या चौकोनात चार खुंट्या ठोकल्या. होडीवरच्या प्रत्येक बिंदूचं अंतर निदान दोन खुंट्यांपासून घ्यायचं, म्हणजे कागदावर कंपासने तो बिंदू पकडता येतो. शंका आली तर तिसऱ्या खुंटीपासून. संध्याकाळी कागदावर कमानी जुळेनात. कर्ण 6.71 यायला हवा होता, टेपवर 6.63 भरला. एक खुंटी ओल्या गाळात सरकली होती, कधी ते कळायला मार्ग नव्हता. दिवसभराची 92 मापं गेली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी लोखंडी सळ्या गुडघाभर खोल ठोकून पहिल्यापासून सुरुवात केली, आणि दर तासाला कर्ण तपासला. फोटो ऊन वर यायच्या आत काढले, सावल्या पडल्या की फळ्यांचे सांधे हरवतात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असं सरकत गेलं की पुढे कॉम्प्युटरवर ते जोडून होडीचं त्रिमितीय चित्र करता येतं.

लांबी 5.42 मीटर, रुंदी जिथे सर्वात जास्त तिथे 1.18. बुडाच्या फळीला चिकटलेलं एक रुपयाचं नाणं मिळालं, 2003 चं. म्हणजे होडी 2003 च्या आधी बुडालेली नाही, एवढंच नाणं सांगतं. नंतर कधी, ते त्याला विचारू नये.

मग डावी बाजू उघडली. तोंडापासून दोन हात, तीन हात, चार हात. फळी साफ, ठिगळ नाही. मी बराच वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले. वहीत "डाव्या बाजूला दुरुस्ती नाही" असं लिहिलं, आणि ते लिहायला जड गेलं.

उजवी बाजू मोजायची होतीच. दुपारनंतर तिथला गाळ ब्रशने काढताना, तोंडापासून 94 सेंटीमीटरवर, लाकडावर वहीच्या पानाएवढा काळा-तांबूस चौकोनी डाग दिसला. पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता, कडेला नखाएवढे पापुद्रे होते, हात लागला तर चुरा झाला असता. चौकोनाच्या कडेने खिळ्यांची 14 भोकं. वरच्या दोन कडांची सरळ ओळीत, खालची वेडीवाकडी. घाईत, पाण्याकडून वाकून ठोकल्यासारखी.

पण बाजू उजवी. मी नानांना फोटो न दाखवता नुसतं म्हटलं, "नाना, डावी म्हणजे कोणती, बसून दाखवा." ते ओट्यावर बसले, दोन वल्ही धरल्यासारखे हात पुढे नेले, मागे ओढले. "ही काय, डावी." वल्ही मारणारा तोंडाकडे पाठ करून बसतो. त्याची डावी ती होडीची उजवी.

मग फोटो दाखवला. नाना बोलले नाहीत. स्क्रीनवर अंगठा ठेवून ती खालची वाकडी भोकं एकेक करत मोजली.

होडी आम्ही वर काढली नाही. बाहेर आणून टिकवायची तर वर्षानुवर्षांचं काम आणि त्याची सोय हवी; पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली असती तर दोन उन्हाळ्यांत तिचं सरपण झालं असतं. गोणपाट काढून घेतलं, ओला गाळ पुन्हा वर ओढला, सळ्यांच्या जागा नकाशावर नोंदवल्या. जूनमध्ये पाणी चढलं.

नकाशा 1:10 ने काढून नानांना नेऊन दिला. त्यांनी तो बाजेवर पसरला, चष्मा लावला आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथली बसायची फळी राहिली तुझी, माय. अण्णा इथेच बसायचा." ती फळी गाळात मिळालीच नव्हती. मी पेन्सिल काढली आणि त्यांच्या बोटाच्या बाजूने तुटक रेषेत ती काढली.