स्विंडनच्या गोलात

आम्ही इंग्लंडमध्ये, स्विंडनला राहतो. आमच्या घरून गावात जाताना वाटेत एक चौक लागतो. 'मॅजिक राउंडअबाउट' हे त्याचं पाटीवरचं, अधिकृत नाव. पाच रस्ते तिथे येऊन मिळतात. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटा गोल, म्हणजे गाड्यांनी वळसा घालून जायचा राउंडअबाउट आहे आणि त्या पाचांच्या मधोमध सहावा, मोठा. सिग्नल एकही नाही, पोलीसही नाही. शेजारीच फुटबॉलचं मैदान आहे आणि अग्निशमन दलाचं ठाणं आहे, म्हणजे गर्दी आणि घाई दोन्ही ठरलेली.

स्विंडनला आले तेव्हा पहिलं वर्ष मी हा चौक डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावरून बघितला. रोज सकाळी पुढची सीट मिळाली की मी खाली बघत बसायचे. गाड्या एकमेकींच्या मधून अशा निघत होत्या की, सगळ्यांनी आदल्या दिवशी तालीम केली असावी असं वाटायचं. माझ्याकडे कोल्हापूरचं लायसन्स होतं. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ते १२ महिने मी बसनेच काढले, कारण या गोलाची मला भीती वाटायची.

मी गाडी शिकले ती ताराराणी चौकात. महाराणींच्या घोड्यावरच्या पुतळ्याला वळसा घालून एसटी, वडाप, दुचाकी, उसाच्या ट्रॉल्या, सगळं एकाच वेळी फिरत असायचं. अप्पा शेजारी बसायचे. त्यांची सारी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. ते सांगायचे, "समोरच्याच्या डोळ्यांत बघ. त्यो थांबतोय का न्हाई ते डोळ्यांतच कळतंय." आणि खरंच कळायचं. आपल्याकडे चौकात शिरणं म्हणजे शंभर छोटे करार असतात. थोडा हॉर्न, थोडं पुढे सरकलेलं नाक, हाताचा इशारा, मान हलवणं. त्यातही मोठं कसब आहे, ते मी आजही मानते. पण तो करार दर वेळी नव्याने करावा लागतो, आणि ज्याच्याकडे ट्रक असतो त्याच्या अटी जास्त चालतात. सायकलवरच्या शाळकरी मुलाच्या वाट्याला त्या करारात काहीच येत नाही.

इथे करार आधीच झालेला आहे. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. जो गोलात आहे तो आधी, जो शिरू पाहतोय तो नंतर. इंग्लंडही डाव्या बाजूने चालवतं, त्यामुळे गोलात फिरणं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अगदी आपल्यासारखंच. हा नियम फार जुना असेल असं मला वाटायचं. पण या देशात गोल आला १९०९च्या सुमाराला, लेचवर्थ या गावात, आणि वाट द्यायचा नियम आला थेट १९६६ मध्ये. मधली पन्नासहून जास्त वर्षं आतल्याने थांबायचं की बाहेरच्याने, हे पक्कं नव्हतं. बाहेरचे शिरत राहायचे, आतल्यांना निघायला वाट उरायची नाही आणि अख्खा गोल कुलूप लागल्यासारखा अडकायचा. फ्रँक ब्लॅकमोर हे सरकारी रस्ते-संशोधन संस्थेतले अभियंते. बाहेरच्याने थांबायचं हे ठरल्यावर गोल किती लहान करता येईल याचे प्रयोग त्यांनी केले. आमचा चौक १९७२ मध्ये त्यांच्याच आराखड्यावर झाला. सुरुवातीला गोल पक्के रंगवलेसुद्धा नव्हते. ते हलवून, सरकवून बघत होते, आणि प्रत्येक छोट्या गोलाशी एक पोलीस उभा असायचा. इंग्रज माणूस जन्मतःच शिस्तीचा असतो असं आपल्याकडे बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. त्यांनाही शिकावं लागलं, आणि शिकवायला पोलीस उभे करावे लागले.

माझं शिकणं वर्ष उलटून गेल्यावर सुरू झालं. आता शिकाऊ लायसन्स, गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', आणि शेजारी किमान तीन वर्षं लायसन्स असलेला, २१ वर्षांवरचा माणूस. असा माणूस मला भिंतीपलीकडेच मिळाला. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, गोदामांत, कारखान्यांत, इस्पितळांत काम करणारी. आमचे शेजारी अंकल सासष्टीकडचे. मी मराठीत बोलायचे, ते कोकणीत, आणि दोघांचं एकमेकांना बरोबर समजायचं.

पहिल्याच रविवारी सकाळी ते मला मॅजिकवर नाही, साध्या गोलावर घेऊन गेले. गाडी आधी बाजूला लावायला सांगितली आणि डॅशबोर्डवर बोटाने घड्याळ काढलं. आपण सहाच्या जागी उभे. जायचा रस्ता बाराच्या अलीकडे किंवा बारावर असेल तर डावी लेन, बाराच्या पलीकडे असेल तर उजवी. पहिल्याच रस्त्याला बाहेर पडायचं असेल तर येतानाच डावा इंडिकेटर. उजवीकडे जायचं असेल तर उजवा इंडिकेटर देऊन यायचं, आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा द्यायचा आणि बाहेर पडायचं. सरळ जायचं असेल तर येताना काहीच नाही, आधीचा रस्ता ओलांडला की डावा. हे झालं सर्वसाधारण. रस्त्यावर बाण किंवा नाव रंगवलेलं असेल तर घड्याळ विसरायचं आणि तेच पाळायचं. मोटरवेच्या, म्हणजे द्रुतगती महामार्गाच्या मोठ्या गोलांवर कोणत्या लेनने एम४ या मोटरवेला जायचं ते जमिनीवरच लिहिलेलं असतं.

लेन गोलात शिरायच्या आधी ठरते, हे पचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याकडे आपण आधी शिरतो आणि मग जागा दिसेल तसं सरकतो. इथे ५०-१०० मीटर आधीच मला माहीत हवं की मी कुठे निघणार आहे, आणि ते मागच्यालाही कळायला हवं. चुकीच्या लेनमध्ये आलात तर त्या लेनला जिथे जायचं आहे तिथे निमूट जायचं, पुढे कुठेतरी वळून परत यायचं. निघायचा रस्ता चुकला तर आणखी एक फेरी मारायची. अंकल म्हणायचे, चार वेळा फिर, पेट्रोल माझं.

तरी तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून जे घडलं ते अजून अंगावर येतं. मला गोलावरून सरळ, म्हणजे दुसऱ्या रस्त्याला जायचं होतं. गडबडीत मी डावा इंडिकेटर आधीच दिला, पहिला रस्ता यायच्या आधी. त्या रस्त्याच्या तोंडाशी एक छोटी निळी गाडी थांबली होती. तिच्यातल्या बाईंनी माझा इंडिकेटर बघितला, ही इथेच बाहेर पडते आहे असं समजून त्या निघाल्या, आणि मी सरळ त्यांच्या समोर. अंकलनी "थांब!" म्हणून ओरडण्याच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला होता. दोन्ही गाड्यांत हातभर अंतर उरलं. त्यांच्या मागच्या सीटवर लहान मूल होतं, ते मला स्पष्ट दिसलं. बाईंनी हॉर्न वाजवला नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या गल्लीत अंकलनी गाडी थांबवायला लावली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तू इंडिकेटर दिलाच नसतास तर ती थांबून राहिली असती. ती निघाली कारण तिने तुझ्यावर विश्वास ठेवला.

कोल्हापुरात मी इंडिकेटर फारसा कधी मनावर घेतला नव्हता. देणाऱ्याने द्यावा, बघणाऱ्याने बघावा, शेवटी डोळेच खरे. इथे काचेआडचे डोळे कोणी शोधत नाही, तो मिचमिचणारा दिवाच बघतात आणि त्याच्या भरवशावर पोराबाळांची गाडी पुढे काढतात. त्या दिवसापासून मी इंडिकेटरचा दांडा जपून वापरते.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले, आणि तेही घाई केल्यामुळे नाही. इथल्या टेस्टमध्ये बारीक चुका १५पर्यंत खपतात, पण एक गंभीर चूक झाली की संपलं. माझी गंभीर चूक होती, रस्ता मोकळा असताना थांबून राहणं. निळ्या गाडीनंतर मी इतकी धास्तावले होते की उजवीकडून कोणी येत नसतानाही तुटक पांढऱ्या रेघेशी उभी राहायचे. दूर कुठे गाडी दिसली की तिला जाऊ द्यायचे. परीक्षकांनी शांतपणे समजावलं. तुमची पाळी असताना तुम्ही गेला नाहीत तर मागचा गोंधळतो, समोरचा गोंधळतो, आणि मग कोणीतरी अंदाजाने निघतो. वाट देण्याइतकंच आपली वाट घेणंही नियमात आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मुलीच्या जातीला 'जरा थांब, त्यांना जाऊ दे' हेच घरीदारी शिकवलेलं असतं. तेही कदाचित माझ्या पायात उतरलं असेल.

मग अंकलनी महिनाभर फक्त एवढंच करून घेतलं. गोलाजवळ आलं की, "उजवे वटेन पळय," म्हणजे उजवीकडे बघ, आणि मोकळं दिसलं की लगेच, "आतां वच गो, वच!" म्हणजे आता जा. तिसऱ्या नाही, दुसऱ्याच परीक्षेत मी पास झाले. मिठाई त्यांच्याकडे नेली तर मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मलाच बेबिंका हा गोव्याचा गोड पदार्थ खायला घातला.

मॅजिक राउंडअबाउट मी त्यानंतर एकटीने केला. त्याचं गुपित घड्याळाच्या आतल्या चाकांसारखं आहे. एक दातेरी चाक उजवीकडे फिरलं की त्याला लागलेलं दुसरं डावीकडे फिरतं. पाच छोटे गोल नेहमीसारखे काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे मधल्या मोठ्या गोलाभोवतीची वाहतूक आपोआप उलटी फिरते. परिणाम असा की पलीकडे जायला दोन वाटा मिळतात, बाहेरून किंवा आतून, आणि ज्या बाजूला गर्दी कमी ती घ्यायची. सहा गोलांचा एकदम विचार केला की डोकं फिरतं. म्हणून विचार करायचा तो फक्त समोरच्या एकाच गोलाचा. उजवीकडे बघायचं, वाट द्यायची, निघायचं. मग पुढचा गोल. वेग कमीच राहतो, त्यामुळे चुकलं तरी पत्र्यावर निभावतं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. संध्याकाळी साडेपाचला डाव्या लेनमधून येऊन उजवीकडे कापत जाणारे इथेही भेटतात. बाहेर पडताना इंडिकेटर न देणारे तर रोज भेटतात, आणि मला त्यांचा खरा राग येतो, कारण त्यांच्यामुळे तोंडाशी थांबलेल्या चार गाड्या विनाकारण थांबून राहतात. सायकलवाल्यांना मोठे गोल आजही भीतीचे वाटतात. जानेवारी २०२२ मध्ये इथलं वाहतुकीचं नियमपुस्तक बदललं. सायकलस्वार डाव्याच लेनमधून पूर्ण गोल फिरू शकतो आणि गाडीवाल्याने त्याला प्राधान्य द्यायचं, हे त्यात स्पष्ट केलं. केंब्रिजमध्ये २०२०साली डच पद्धतीचा गोल उघडला, तिथे सायकलींना स्वतंत्र लाल पट्टा आहे आणि गाड्यांनी त्यांच्यासाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी थांबायचं. असे गोल आणखी व्हायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

यंदा मे महिन्यात अप्पा आले. पहिल्याच दिवशी त्यांना गाडीत घेऊन निघाले. ते डाव्या सीटवर बसले आणि सवयीने उजवा पाय खाली दाबत राहिले. मोटरवेच्या गोलावर एक लांबलचक लॉरी दोन्ही लेन अडवून चालली होती. मी पुटपुटले, बघा, हा लेन पाळत नाही. अप्पा लगेच म्हणाले, "अगं, त्याला दोन लेन लागणारच. लांब गाडीची मागची चाकं वळणात आत येत्यात. तू बाजूला घुसलीस तर चेपशील. माग ऱ्हा." नियमपुस्तकातही हेच लिहिलेलं आहे, लांब वाहनाला जागा द्या म्हणून. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अप्पांना ते पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

मॅजिकवर आलो तेव्हा ते गप्प झाले. पहिला गोल, उजवीकडे बघितलं, एक पांढरी व्हॅन जाऊ दिली, निघाले. आतली वाट मोकळी होती, ती घेतली. समोरून, बाजूने, उलट्या दिशेने गाड्या जात होत्या आणि अप्पांची मान प्रत्येकीबरोबर फिरत होती. एकदा त्यांचा हात हॉर्नच्या जागी जायला उचलला गेला आणि तसाच मांडीवर आला. बाहेर पडायच्या आधी मी डावा इंडिकेटर दिला. कोपऱ्यावर थांबलेल्या लाल गाडीने तो बघितला आणि माझी गाडी वळायच्या आतच ती निघाली.

अप्पांनी मागे वळून त्या लाल गाडीकडे बघितलं. "बघितलंस? तुझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यानं. दिवा बघून निघाला."

"हो अप्पा."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "परत एकदा जाऊया की."

मी पुढच्या गोलावरून गाडी वळवून घेतली.