सगळं मिळून म्हणजे नक्की काय काय?

मागच्या वर्षी सिंहगड रोडला रिसेलचा टू बीएचके घेतला, व्यवहार 62 लाखांत ठरला. एजंट म्हणाला रजिस्ट्रेशनचं सगळं मिळून 5 लाख धरून चला, वकील आपलाच आहे. मी हो म्हणून आलो पण रात्री बायको वही घेऊन बसली, म्हणाली सरकारला किती जातात ते आधी बघू. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4,34,000 आणि नोंदणी फी 1 टक्का पण 30 हजारांच्या वर जात नाही, झाले 4,64,000. (फक्त तिच्या नावावर घेतला असता तर 1 टक्का वाचला असता, पण जोडनावाला ती सवलत नाही.) 50 लाखांच्या वर असल्याने 1 टक्का टीडीएस, पण तो विकणाऱ्याच्या पैशातूनच कापायचा. मग उरलेले 36 हजार कशाचे? एजंटला फोन केला तर म्हणे "वकील, टायपिंग, ऑफिसचा खर्च, असं सगळं."

मग आम्ही स्वतः दोन वकिलांना विचारलं. एक म्हणाले 12 हजार, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या 22 हजार. साहजिकच 12 वर मन गेलं, पण दोघांनाही एकच मेसेज टाकला की यात काय काय येतं ते लिहून पाठवा. 12 हजारांत फक्त अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणं, सर्च (फ्लॅटचे जुने दस्त तपासणं) आणि पेपरातली जाहीर नोटीस (कोणाचा हक्क असेल तर कळवा अशी) दोन्हीचे पैसे वेगळे. मॅडमच्या 22 मध्ये 30 वर्षांचा सर्च, त्याचं सरकारी चलन, टायटल रिपोर्ट (मालकी स्वच्छ आहे का ते), ड्राफ्ट, नोटीस सगळं, पेपरच्या जाहिरातीचं बिल तेवढं आपलं. बेरीज केली तर फरक फार उरतच नव्हता. आणि बँक लोन देताना लीगल चार्जेस घेते ना, मग परत वकील कशाला असं मलाही वाटायचं, पण बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, त्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा आपल्या हातातही येत नाही.

मॅडमनी फाईल उघडली आणि तिसऱ्या पानावर थांबल्या. फ्लॅट मूळ वडिलांच्या नावावर, ते वारले, मुलगा विकतोय, बहिणीचं हक्कसोडपत्र जोडलेलं, पण ते 500 च्या स्टॅम्प पेपरवर नुसतं नोटरी केलेलं. गोल शिक्का बघून मी समजत होतो झालं काम. त्या म्हणाल्या हे रजिस्टर झालेलं नाही, बहिणीचा हक्क अजून आहे तसाच आहे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढलं होतं, त्यामुळे एजंटला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.

विकणारे काका, म्हणजे तो मुलगा, भले माणूस, त्यांनाही हे माहीत नव्हतं, त्यांनी वकीलच लावला नव्हता. बहीण नाशिकहून आल्या, हवेलीच्या नोंदणी ऑफिसात हक्कसोडपत्रासाठी फोटो-अंगठा झाला, आणि त्या दस्ताचा इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) हातात आल्यावरच आम्ही टोकनच्या पुढचा चेक फाडला.