सतरा रिलेंवरून तीनवर : नोस्टरच्या तिसऱ्या महिन्याची नोंद

नोस्टर हे कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले समाजमाध्यम; त्यातला मजकूर साठवून मागेल त्याला देणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरांना रिले म्हणतात. रिले जितके जास्त तितके चांगले, असे मी मागील नोंदीत ठामपणे लिहिले होते. ते विधान येथे मागे घेत आहे. लिहिलेला मजकूर टिकून राहावा एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु माझ्या सतरा रिलेंच्या यादीने फोनच्या डेटाचे आणि खासगीपणाचे काय केले हे या महिन्यात बारकाईने पाहिल्यावर ती यादी तीनवर आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

दिवसाचा दीड जीबी डेटा संपत आल्याचा संदेश लागोपाठ तीन दिवस दुपारच्या जेवणाआधीच आला, तेव्हा मला पहिली शंका आली, कारण त्या दिवसांत मी एकही व्हिडिओ पाहिलेला नव्हता. चौथ्या दिवशी भांडुपहून सकाळची धीमी लोकल पकडली आणि ॲपमधला जोडण्यांचा पडदा उघडा ठेवून बसलो (बसायला जागा मिळाली, हीच त्या दिवसाची मोठी घटना). कांजूरमार्ग जाईपर्यंत सतराही रिलेंपुढे हिरवे ठिपके होते. घाटकोपरला डबा खच्चून भरला, प्रत्येकाच्या हातातला फोन एकाच टॉवरकडे धाव घेऊ लागला आणि ठिपके एकामागून एक लाल होत गेले. विद्याविहार मागे पडल्यावर ते पुन्हा हिरवे झाले आणि कुर्ल्याला पुन्हा लाल. ठिपका हिरवा होतो तेव्हा ॲप त्या रिलेशी वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) नव्याने उघडते, ती सुरक्षित करणाऱ्या टीएलएसची देवाणघेवाण पहिल्यापासून करते आणि मी ज्यांना फॉलो करतो त्या सर्वांच्या पब्लिक कींची (सार्वजनिक ओळखींची) यादी पाठवून त्यांचा मजकूर मागवते. अमुक वेळेनंतरचेच द्या, ही ‘सिन्स’ची अट ॲपने त्या मागणीत घातली नसेल, तर आधी येऊन गेलेला मजकूरही रिले मुकाट्याने पुन्हा पाठवतो. माझे ॲप ती अट घालत नव्हते.

येथे थोडा हिशेब मांडतो. एक पब्लिक की म्हणजे ६४ अक्षरे. मी सुमारे चारशे जणांना फॉलो करतो, म्हणजे केवळ मागणीतच २५,६०० अक्षरे गेली. सतरा रिलेंना मिळून ती सव्वाचार लाखांवर जातात, आणि हे सारे ठिपके एकदा लाल होऊन हिरवे होण्याचे मोल. उत्तराची तऱ्हा याहून वाईट आहे. कोणी नुसते ‘नमस्कार’ लिहिले, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेत असल्याने तो शब्द २१ बाइटांचा होतो. पण त्या इव्हेंटसोबत (नोस्टरमधली प्रत्येक नोंद म्हणजे एक इव्हेंट) ६४ अक्षरांचा आयडी, ६४ अक्षरांची की आणि १२८ अक्षरांची सही येतेच. तोच ‘नमस्कार’ नऊ रिलेंवर असेल तर नऊ वेळा उतरतो आणि आयडी पाहून आठ प्रती फेकल्या जातात, अर्थात त्या उतरवून झाल्यावर. चित्रांचा भार तर वेगळाच. मॅस्टोडॉन या दुसऱ्या विकेंद्रित समाजमाध्यमात आपला सर्व्हर परक्या सर्व्हरवरचे चित्र स्वतःकडे आणून त्याची छोटी प्रत दाखवू शकतो. नोस्टरच्या नोटेत, म्हणजे पोस्टमध्ये, चित्राची केवळ लिंक असते आणि फोन बहुधा मूळ आकाराचे चित्र थेट तिथून उचलतो.

डेटा संपला तर रिचार्ज करता येते. खासगीपणाचे तसे नाही, आणि त्या बाबतीत मी अधिक भोळा ठरलो. बहुतेक सार्वजनिक रिले वाचणाऱ्याला ओळख विचारत नाहीत, यावर मी विसंबून होतो. परंतु मी मागवतो त्या चारशे कींचा नेमका तोच संच दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, आणि माझी फॉलोची यादी हा स्वतःच ‘काइंड ३’चा (काइंड म्हणजे इव्हेंटच्या प्रकाराचा क्रमांक) सार्वजनिक इव्हेंट आहे. रिले चालवणाऱ्याने दोन्ही ताडून पाहिल्या, तर मी दिवसभर एक अक्षर न लिहिताही वाचणारा मीच हे त्याला कळते. सकाळी घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता, मग तासभर मोबाइलचा, पुढे संध्याकाळपर्यंत कार्यालयाचा, असा माझा दिनक्रम त्याच्या लॉगमध्ये आयता लिहिला जातो. एका कंपनीच्या हाती सारे नको म्हणून मी इकडे आलो आणि तोच तपशील सतरा अनोळखी लोकांना वाटत सुटलो! चित्र ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्यालाही ते उघडणाऱ्याचा पत्ता दिसतो; मॅस्टोडॉनच्या वाचकाला तेवढे संरक्षण त्याचा सर्व्हर देतो, मात्र त्याच्या चालकाला डिस्क भरत जाण्याच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते.

उपाय म्हणून घरच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसता ‘पाय’) स्ट्रफ्राय हा रिलेचा प्रोग्रॅम बसवला. आमचे केबल ब्रॉडबँड सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच आयपी पत्ता वाटून देण्याच्या व्यवस्थेच्या) मागे असल्याने बाहेरून पोर्ट उघडता येत नाही. म्हणून एक लहानसा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेऊन फोन आणि पाय वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्याने त्याच्याशी जोडले. पाय घरी बसून बाहेरच्या रिलेंकडून माझ्या लोकांचा मजकूर उतरवत राहतो, तीच नोट दुसऱ्यांदा साठवत नाही, आणि फोन फक्त त्याच्याशीच बोलतो.

येथवर ठीक होते. पुढची चूक सर्वस्वी माझी. निप-६५ (निप म्हणजे नोस्टरची क्रमांकित नियमपत्रके) नुसार आपण कोणत्या रिलेंवर लिहितो ते ‘काइंड १०००२’च्या इव्हेंटमध्ये जाहीर करायचे असते, जेणेकरून इतरांची ॲप्स आपला मजकूर नेमकी तिथेच शोधतील. नव्या रिलेच्या अभिमानात मी त्याचे नाव त्या यादीत अगदी वर लिहिले, आणि बोगद्याबाहेरूनही तो वाचता यावा म्हणून व्हीपीएसवर वाटही मोकळी केली. रात्री जेवून उठलो तेव्हा पायचा पंखा भांड्यांच्या आवाजावर मात करत होता. माझे लेखन वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाचे ॲप माझ्या घरी येऊन धडकत होते, आणि त्यांच्यामागोमाग यादीतील रिले पालथे घालत फिरणारे बॉट. ‘‘तुझ्याकडे आज पाहुणे आहेत का?’’ असे आईने त्या डब्याकडे पाहून विचारले, ते शब्दशः खरे होते. मी तर या खटाटोपाने स्वतःच्या पब्लिक कीपुढे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता जगजाहीर करून ठेवला होता.

इव्हेंट त्याच रात्री बदलला. नवा १०००२ जुन्याची जागा घेतो हे खरे, पण ज्यांनी जुना जतन केला आहे त्यांच्याकडून तो परत घेण्याची सोय नाही. ‘काइंड ५’ने पुसण्याची विनंती तेवढी करता येते आणि ती मानायची की नाही हे ज्याचे तो ठरवतो. म्हणून डोमेनच बदलले. आता जाहीर यादीत तीन सार्वजनिक रिले आहेत, पाय माझ्या नोटा त्यांच्याकडे पोहोचवतो आणि स्वतः बोगद्याबाहेर कोणालाही दिसत नाही. इतर कोणी आपल्या नोटा या तिघांपैकी एकावरही ठेवत नसेल, तर त्याचा मजकूर मला सहसा दिसत नाही. काही ओळखीचे आवाज त्यामुळे गेले, हा तोटा मी मान्य करतो.

पायकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर सुरुवातीला घरचा पत्ता दिसत होता, म्हणजे दिनक्रम झाकला गेला तरी घर उघडे होते. आता त्या जोडण्याही व्हीपीएसमधून जातात. त्यामुळे रिलेंना दिसत नाही ते व्हीपीएसच्या मालकाला निदान कोणाशी आणि केव्हा बोललो एवढे दिसते. खासगी संदेश जुन्या निप-४ मधून काढून निप-१७ वर नेले, कारण जुन्या पद्धतीत मजकूर झाकलेला असला तरी कोणी कोणाला आणि केव्हा लिहिले ते उघडे राहते.

घाटकोपरला आता एकच ठिपका असतो आणि तो बहुधा हिरवाच राहतो: फोनचा बाहेरचा पत्ता बदलला तरी वायरगार्डच्या आतला बदलत नाही, त्यामुळे नेट क्षणभर गेले तरी वेबसॉकेट तुटत नाही. चित्रे मात्र अजून थेट मूळ ठिकाणाहूनच येतात. ती पायवर लहान करून मग फोनला देण्याचा प्रयोग चालू आहे. सध्या एखादा लांब धागा उघडला की पाय गरम होतो आणि चित्रांच्या जागी राखाडी चौकोनच बराच वेळ दिसत राहतात.