आमची वाटचाल : सतरा सिटांची गाडी आणि वडाची सावली

2013 साली पहिली सहल नेली तेव्हा गाडीत नऊच माणसं होती. मेणवली, किकली, लिंब असा पुण्याहून एका दिवसाचा मार्ग. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या विजयाची आठवण सांगणारी पोर्तुगीज घंटा, किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उन्हं कलताना लिंबची बारा मोटेची विहीर. नव्या माणसांना आजही आधी इथेच नेतो. किल्ल्यांवर नेणारे पुष्कळ होते. एका वीरगळासमोर पाऊण तास बसवणारे आमच्या माहितीत आम्हीच.

आमचं खरं हत्यार म्हणजे साधी विजेरी. भर दुपारी झिजलेला वीरगळ सपाट दगड वाटतो. कडेने, दगडाला जवळजवळ टेकवून उजेड टाकला की खालच्या चौकटीतली लढाई वर उठते, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. त्यावर खडूची पूड चोळू नका, तेल-पाणी लावू नका. आणि जुन्या झाडांचा घेर मोजायला कापडी टेप घ्या, लोखंडी टेप खोडावर बसत नाही.

पेमगिरीचा वड पाहायला आलेल्या चित्रकलेच्या निवृत्त बाई आमच्या कायमच्याच झाल्या. काही एकरांत पसरलेलं झाड, लोक फिरून फिरून दमले. बाई मात्र घडीचं स्टूल टाकून एकाच पारंबीपाशी बसल्या. जमिनीत रुतली तिथे ती खोडासारखी खरबरीत आणि वर अजून सुतळीसारखी लोंबती. तो बदल कुठे होतो, तेवढंच त्यांनी सकाळभर काढलं.

मधली वर्षं बरी गेली.

मग आमच्याबरोबर दोन हंगाम काम केलेल्या एकाने वेगळी चूल मांडली. हरकत नव्हती. पण आमची गिऱ्हाइकांची वही, आमचे मार्ग, गावातल्या माणसांचे नंबर, सगळं उचललं. दर आमच्या निम्मा. एका देवराईत त्याने दोन मोठ्या बस नेल्या, स्पीकर लावला, पोरं वेलींना लोंबकळली, आणि आठवण म्हणून लोकांनी वाळकी लाकडं पिशवीत भरली. जिथली काडीसुद्धा देवाची, तिथे! गावाने ठराव केला : पुण्याची एकही गाडी नको. त्यात आम्हीही आलो. तीन महिन्यांचं बुकिंग परत केलं, गाडीचे चार हप्ते थकले. तो मोकळा राहिला, दुसरीकडे गेला. हे मी विसरलेलो नाही.

बाईंनी आगाऊ रक्कम परत घेतली नाही. “पुढे न्याल तिथे येईन,” एवढंच म्हणाल्या. आणि गावात आमच्या बाजूने बोलल्या त्या पिठलं-भाकरी करणाऱ्या ताई : “ह्यांनी कधी बाकी ठेवली नाही. पंगत बसायच्या आधी पैसे हातात.” या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनो, स्वयंपाकाचे पैसे आधी द्या, डिझेलचं नंतर बघा.

आठ महिन्यांनी गावातले आजोबा मला घेऊन देवराईच्या तोंडाशी आले. दहाच माणसं, चपला बाहेर, आवाज नाही. मी हो म्हटलं. म्हणून सतरा सिटांच्या गाडीत तिकडे आजही दहाच नेतो. तोटा होतो, तो मेणवलीच्या फेरीत भरून काढतो.

ड्रायव्हरमामांच्या मागची खिडकीची सीट बाईंची. त्यांचं स्टूल आता गाडीतच असतं.