मानेतली लाईन

नाशिकला पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, स्टाफ नर्स म्हणून मला नऊ वर्षं झाली, पण मागच्या पावसाळ्यातली ती नाईट अजून डोक्यातून जात नाही. सुरगाण्याकडची चार वर्षांची मुलगी, न्यूमोनिया, आली तीच शॉकमध्ये, म्हणजे अंगात रक्त नीट पोचत नव्हतं. आईवडील आवणी अर्धी टाकून आलेले. व्हेंटिलेटर, मानेत सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), बीपीसाठी ॲड्रेनलीन, सगळं त्याच रात्री सुरू झालं.

चौथ्या दिवशी ॲड्रेनलीन बंद झालं, पाचव्या दिवशी ट्यूब निघाली, आईकडे बघून रडायला लागली, आम्ही सगळे खूष. आणि सहाव्या दिवशी पहाटे चारला हात लावला तर कपाळ तापलेलं, ताप १०३, तळपाय मात्र गार. छातीवर बोट दाबून उचललं, पांढरा ठिपका चार सेकंद झाले तरी भरेना, म्हणजे रक्त परत नीट फिरत नव्हतं. माझ्या पोटात गोळाच आला.

डॉक्टर येईपर्यंत टॉर्च मारून मानेवरचं ड्रेसिंग बघितलं. कानाकडचा कोपरा सुटलेला, आत घामाने ओल, आणि वरून कोणीतरी साधी चिकटपट्टी मारून तो दाबून टाकलेला. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं हे खरं, पण ते कोरडं आणि नीट चिकटलेलं असेल तरच, सुटलं की तेव्हाच बदलायचं असतं.

ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) लाईनमधूनच घेऊ, पटकन होईल. मी म्हटलं, डॉक्टर, हातातूनही घेऊ, एकाच वेळी, रक्तही दोन्हीकडून सारखंच. डावा हात टोचून टोचून सुजलेला, उजव्या मनगटावर काळ्या दोऱ्याखाली एक शीर दिसत होती. आई म्हणाली, "ताई, दोरा तोडू नका." मी गाठ हळूच सोडली आणि दोरा तिच्या हातात दिला. मग क्लोरहेक्सिडिनने, म्हणजे जंतुनाशकाने, कातडी ३० सेकंद घासली आणि पूर्ण सुकू दिलं. ही घाई फार नडते हो, कातडीवरचे जंतू बाटलीत गेले की खोटा रिपोर्ट येतो आणि लेकराला नको ती अँटिबायोटिक्स दिवसेंदिवस जातात. दोन्ही बाटल्या भरल्यावर लगेच अँटिबायोटिक लावलं, सलाईन दिलं, हातात सुई बसली, आणि सकाळीच मानेतली लाईन काढली.

लाईनच्या रक्ताची बाटली अकरा तासांत पॉझिटिव्ह आली, हातातली साडेतीन तास उशिरा. लाईनची बाटली दोन तास किंवा जास्त आधी आली की संशय लाईनवरच जातो. जंतू क्लेब्सिएला निघाला, चालू अँटिबायोटिक त्याला लागू पडत होतं, म्हणून वाचली पोर. घरी गेली तेव्हा दोरा परत मनगटावर होता.

पण ती लाईन पाचव्या दिवशीच निघू शकली असती, हातातली एक सुई पुरली असती. राऊंडला कोणीतरी म्हणालं, राहू दे, सॅम्पल काढायला बरी पडते, आणि मी पण गप्प बसले. न्यूमोनियातून वाचवलेलं लेकरू आम्ही आमच्याच नळीने परत शॉकमध्ये नेलं, याचा त्रास मला आजही होतो.

आता रोज राऊंडला प्रत्येक बेडपाशी मीच विचारते, सर, ही लाईन आज कशासाठी हवी? परवा पेठच्या बाळाच्या बेडपाशी सर म्हणाले, उद्या काढू. मी ट्रे घेऊनच उभी होते, दुपारी बाराच्या आत निघाली.