मोभ, वळी आणि आम्ही: आमची वाटचाल

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, संपले की १६ जानेवारीला सकाळपासूनच आमचा, कौलारू छपरे दुरुस्त करणाऱ्यांचा, फोन वाजायला लागतो. बडोद्यात राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. दोन दिवस अख्खे गाव छपरावर असते. पतंग कापला की मुले आणि त्यांचे बापही कौलांवरून धावतात, आणि मग कोणाच्या तरी देवघरातून आभाळ दिसू लागते. फोन करणारा म्हणतो, "घाई नाही हो, पावसाळ्याला अजून पाच महिने आहेत." आम्ही म्हणतो, घाई आत्ताच करा. मे महिन्यात पूर्ण छप्पर बदलायचे काम घेऊन येणाऱ्याला आम्ही आता सरळ नाही म्हणतो. लोकांना राग येतो. तो का पत्करतो ते पुढे येईलच.

१९९८ साली मी आणि मिस्त्रीकाकांनी दांडिया बाजारामागच्या एका बोळात काम सुरू केले. मी डिप्लोमा झालेला, हिशेब आणि नकाशे जाणणारा. काका पिढीजात सुतार. ते गुजराती, मी मराठी, त्यामुळे आमच्या धंद्याची भाषा पहिल्या दिवसापासून मिसळलेली. छपराच्या शेंड्यावरच्या आडव्या तुळईला मी आढे म्हणायचो, ते मोभ. माझा वासा म्हणजे त्यांची वळी, माझी वाळवी म्हणजे त्यांची उधई. आता मीही मोभच म्हणतो. भांडवल म्हणाल तर दोन बांबूच्या शिड्या, एक कप्पी आणि दोर, पाणी भरून लेव्हल बघायची प्लास्टिकची नळी, आणि काकांची पेटी. त्या पेटीत वाकस, तीन पटाशा, ओळंबा आणि एक टोचा.

टोचा दिसायला काहीच नाही, लाकडी मुठीत बसवलेली पोलादी सळी. पण काकांनी छपराचे अंदाजपत्रक कधी त्याच्याशिवाय दिले नाही. तुळई वरून गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखी दिसते. ती भिंतीत जिथे शिरते तिथे टोचा लावायचा. लाकूड चांगले असेल तर टोक अडते आणि बारीक टणत्कार येतो. कुजलेले असेल तर सळी लोण्यात शिरावी तशी जाते. छपराचा रोग नेहमी टोकांना असतो, कारण भिंतीतली ओल तिथे पोहोचते आणि वारा पोहोचत नाही. म्हणून खाली खुर्चीत बसून, चहा पिता पिता छपराची शेवटची किंमत सांगणारा माणूस एक तर धंद्यात नवा आहे किंवा त्याचा डोळा दुसऱ्याच कशावर आहे.

दुसरी वस्तू म्हणजे माप. मंगलोरी कौल सगळीकडे एकसारखे, असा लोकांचा समज असतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला पहिला कारखाना काढला, तेव्हापासून ते नाव टिकले. आमच्याकडे येणारे कौल सौराष्ट्रातल्या मोरबीचे असले तरी नाव मंगलोरीच, आणि गुजरातीत विलायती नळियां. पण भट्टीत माती आकसते, दर लॉट थोडा वेगळा निघतो. काका नव्या लॉटमधली दहा कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून आधी ताणून मोजायचे, मग दाबून मोजायचे, दोन्हींचा मध्य काढायचे आणि तेवढी सागाची पट्टी कापायचे. तेच त्या घराचे माप. रिपांमधले, म्हणजे कौले ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर साधारण साडेबारा इंच येते. पण पाव इंचाची चूक वीस ओळींत पाच इंच होते, आणि मोभाजवळचे शेवटचे कौल बसत नाही. प्रत्येक घराची पट्टी काकांनी जपून ठेवली. मागे पेन्सिलीने पोळाचे, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीचे, नाव आणि साल. आमच्या दुकानात त्या पट्ट्यांचे एक अख्खे कपाट आहे.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात रिपांवर नुसती अडकवलेली कौले अनेक घरांवरून घसरली. मोरबीलाही तडाखा बसला, माल मिळेना. आम्ही जुनीच कौले उतरवून, धुऊन, एकेक वाजवून परत चढवली. त्या दोन वर्षांत आमचे नाव झाले. पुढची पंधरा-सोळा वर्षे बरी गेली.

मग शहरात रंगीत पत्रा आला, आणि पत्र्याबरोबर तो आला. नाव लिहीत नाही. पत्र्याशी माझे वैर नाही. गोडाऊनला, गच्चीवरच्या शेडला मीही पत्राच लावतो. पण पोळातल्या शंभर वर्षांच्या घराला "चार दिवसांत नवे छप्पर, वीस वर्षे बघायला नको" असे सांगत तो फिरायचा, आणि त्याचा दर आमच्या निम्म्याच्या आसपास असायचा. मी रात्र रात्र हिशेब मांडायचो. पत्र्याचा भाव मला माहीत होता, मजुरी माहीत होती. त्या दरात काम होऊच शकत नव्हते. मला वाटायचे, आपणच लुटतो की काय लोकांना?

उत्तर मला जुन्या लाकडाच्या वखारीत सापडले. तिथे मी एका ओळखीच्या घराची तुळई पाहिली. टोकाला काकांच्या पटाशीची खूण होती. आपल्या जुन्या घरांच्या छपरात वलसाडी साग आहे, काही ठिकाणी बर्मा टीक. शतकभर मुरलेला असा साग नव्या बाजारात विकत मिळत नाही, आणि फर्निचरवाले त्याला वाट्टेल तो भाव देतात. अंदाजपत्रकात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेले असते, "मलबा उचलून नेण्याची जबाबदारी आमची." मालक खूश, कचरा फुकट गेला. गेलेला असतो त्याच्या पणजोबांचा साग. कागदावर सही करण्यापूर्वी जुने लाकूड, जुनी कौले, लोखंडी पट्ट्या कोणाच्या, हे लिहून घ्या. काढलेले प्रत्येक लाकूड मोजून घ्या. तुमच्याकडे ठेवायला जागा नसेल तर विका, पण तुम्ही विका.

आता २०२१. हे लिहिताना अजून हात जड होतो.

मे महिना, कोरोनाची दुसरी लाट. एका पोळातल्या दुमजली घराचे पूर्ण छप्पर आम्ही घेतले होते. आमची माणसे दाहोदकडची. आजाराच्या भीतीने त्यांना गावी जायचे होते. निघण्यापूर्वी उतरवायचे काम तरी संपवू, म्हणून मी सगळे छप्पर एकदम उघडायला लावले. काका नको म्हणत होते. त्यांचा नियम होता, अर्धे उघडायचे, अर्धे झाकायचे, मग पुढचे. मी ऐकले नाही. माणसे गेली. चक्रीवादळाचा इशारा आला तेव्हा आमच्याजवळ दोन ताडपत्र्या आणि चार माणसे होती. १७ मेच्या रात्री तौक्ते उनाच्या किनाऱ्यावर आदळले. १८ तारखेला बडोद्यात वारा असा सुटला की ताडपत्रीखाली हवा शिरून ती शिडासारखी फुगली आणि फाटली. मी आणि काका मेड्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, बादल्या घेऊन उभे होतो. पाणी फळ्यांतून खालच्या खोलीत गेले. कपाट, शिलाई मशीन, लग्नाचे अल्बम, सगळे भिजले. घरच्या वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. ओले फोटो एकेक करून चटईवर पसरत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

चूक माझी होती, आणि हे मी तेव्हाही कबूल केले. भरपाई दिली. पण तिसऱ्याच दिवशी फाटलेल्या ताडपत्रीचा फोटो आमच्या नावासकट पोळापोळातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरू लागला. तो कोणी काढला हे मला माहीत आहे, कारण त्याच दिवशी त्या पत्रेवाल्याची गाडी त्या दारात उभी होती. ते काम त्याने घेतले. चार दिवसांत पत्रा चढला, दोन ट्रक साग "मलबा" म्हणून गेला. आमची ठरलेली पाच कामे महिन्याभरात रद्द झाली. अ‍ॅडव्हान्स परत करण्यासाठी मी टेम्पो विकला.

तेव्हा दांडिया बाजारातल्या काकूंनी बोलावणे पाठवले. १९९८ मधले आमचे तिसरेच काम त्यांच्याकडचे. दर मे महिन्यात कौले चाळायला, म्हणजे शाकारणीला, आम्हीच जातो. काकूंची एक वही आहे. पावसात जिथे थेंब पडेल तिथे त्या खडूने गोल करतात, वहीत तारीख लिहितात आणि वारा कुठून होता तेही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला, तेव्हाही त्यांची नोंद आहे: "दोन गोल, दोन्ही पश्चिमेच्या भिंतीशी." असे ग्राहक मिळायला भाग्य लागते. पाणी जिथे पडते तिथे ते शिरलेले नसते. रिपेवरून, वळीवरून धावत ते चार-पाच फूट लांब जाऊन टपकते. गोल, तारीख आणि वारा एवढे कळले की फुटलेले कौल दहा मिनिटांत सापडते.

काकू म्हणाल्या, "तू चुकलास. मिस्त्रींचे ऐकायला हवे होतेस."

"हो काकू."

"पुढच्या तीन वर्षांच्या शाकारणीचे पैसे घेऊन जा. आणि पुन्हा सगळे उघडू नकोस."

त्या पैशांतून मी पहिल्यांदा चार जाड ताडपत्र्या घेतल्या. आमची फर्म आज उभी आहे ती त्यामुळे.

तेव्हापासून ज्याच्या घराचे छप्पर उघडायचे त्याच्या घरी मी आधी तासभर बसतो. कंटाळा आला तरी ऐकवतो, आणि इथेही ऐकवणार. वरच्या मजल्यावर राहता येणार नाही. कौल हलले की शतकाची काजळी, धूळ, चिमण्यांची घरटी, उंदरांचे साठे खाली येतात. ओल्या चादरीने झाकलेल्या भांड्यातही ती माती सापडते. देव आणि कागदपत्रे आधी खाली न्या. शेजाऱ्याला सांगून ठेवा, कारण पोळात करा, म्हणजे बाजूची भिंत, दोघांची असते आणि तुमच्या वळ्या त्याच्या भिंतीवरच टेकलेल्या असतात. कामगार कौले दोन्ही पाखांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, सारखी उतरवतात की नाही, हे अंगणातून बघा. एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. एक पाख रिकामी आणि दुसरी भरलेली राहिली तर कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोण, एका अंगाला कलते. उतरवलेली कौले माळ्यावर रचू देऊ नका, तो भार त्या फळ्यांना झेपत नाही. आणि छप्पर उघडल्यावर एक वाईट बातमी येणारच, एखादी वळी गेलेली, एखादे टोक उधईने पोखरलेले. त्यासाठी ठरलेल्या रकमेच्या वर थोडे पैसे बाजूला ठेवा. पण मिस्त्रीने ती वळी दाखवल्याशिवाय एक रुपया वाढवून देऊ नका.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा धरून चला. तो फोडायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही. पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा. त्याची धूळ छातीत बसते. आमच्या माणसांना मी मास्क सक्तीचा केला आहे, दुसरीकडे काय चालते ते मी रोज पाहतो.

आणि पत्राच हवा असेल तर दोन गोष्टी. कौलाचे छप्पर स्वतःच्या वजनावर बसते. पत्रा हलका, वारा त्याला खालून उचलतो, म्हणून खालची लाकडे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडायला हवीत. दुसरे, उतार कमी ठेवला आणि एकावर एक पत्रा चढवताना हात आखडला, तर जोराच्या वाऱ्यात पाणी सांध्यातून वर सरकते. काका एक जुनी म्हण सांगतात, नेवांचे, म्हणजे वळचणीचे, पाणी मोभाला चढत नाही. पत्र्याच्या सांध्यात ते चढते. मी पाहिले आहे.

कुठे पाहिले तेही सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी फुगली आणि शहर बुडाले, त्या पावसानंतर त्याच पोळातल्या त्याच घरून फोन आला. वहिनीच बोलत होत्या. काका आता वर चढत नाहीत, त्यांचे गुडघे गेले, पण त्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. मी वर गेलो. स्क्रू इतके आवळलेले की रबराचे वायसर फाटून बाहेर आलेले, प्रत्येक भोकाखाली गंजाची धार. सांधा चार बोटेही नाही. खाली सागाच्या जागी कसलेतरी पांढरे लाकूड, त्याला उधई लागलेली.

वहिनींनी विचारले, "पुन्हा कौले घालता येतील का?"

घालता येतील. पण आता मोभापासून सगळे लाकूड विकत आणावे लागेल. लाकडाचाच आकडा २०२१ मधल्या आमच्या पूर्ण अंदाजपत्रकाच्या वर गेला. मी तो कागदावर लिहून दिला. काकांनी कपाटातून त्या घरासाठी कापलेली पट्टी सोबत आणली होती, मागे पेन्सिलीने पोळाचे नाव आणि २०२१. ती त्यांनी वहिनींच्या हातात दिली, म्हणाले, "लाकूड जमेल तेव्हा सांगा, माप तयार आहे."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. पट्टी त्यांच्याकडेच आहे.