गाळणीवाली काचेची किटली आणि जाळीची ती एक कड: माझा अनुभव

खोक्यावर ‘धुवायला सोपी’ असं छापलेलं असतं. काचेपुरतं ते खरं आहे, ओला स्पंज फिरवला की काच लख्ख. पण आतल्या गाळणीच्या तळाशी जिथे जाळी स्टीलच्या पट्टीत दुमडून दाबलेली असते, त्या कडेबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. तीन वर्षं रोज किटली वापरतोय आणि वैताग आला तो फक्त त्या कडेचा. त्यामुळे दुकानात मी आता काच नंतर बघतो. आधी गाळणी बाहेर काढून उलटी करतो.

गाळण्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात. विणलेल्या तारेची जाळी सगळ्यात स्वस्त, बारीक पावडरही अडवते, पण तळाला आणि उभ्या सांध्याला पट्टी असते आणि चहाचा चुरा नेमका त्या पट्टीत शिरतो. दुसरी अखंड पत्र्याची, बारीक भोकं पाडलेली. तिच्यातही तळ वेगळा जोडलेला आहे का ते नखाने चाचपा. नख अडकलं तर चुराही अडकणार. तिसरी काचेचीच, उभ्या चिरांची. ती धुवायला सर्वात सोपी, पण दार्जिलिंगसारखा अख्ख्या पानांचा चहा किंवा गवती चहा असेल तरच घ्या. आपली रोजची सीटीसी, म्हणजे बारीक दाणेदार चहा पावडर, त्या चिरांतून सरळ कपात उतरते.

आता ती कड. दोन-तीन आठवड्यांत तिथे तपकिरी रेघ दिसू लागते. साबणाने जात नाही, घासणीने जात नाही. धुतलेली गाळणी पांढऱ्या कागदावर आपटली की पट्टीतून तांबूस पाण्याचा थेंब निघतो, म्हणजे आत अजून माल आहे. चहातली पॉलिफेनॉल, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं, आणि जड पाण्यातलं कॅल्शियम मिळून हा राप बनतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा कोरा चहा कपात पाच मिनिटं ठेवला की वर चकचकीत साय धरते, तीच ही गोष्ट. म्हणून राप दुहेरी असतो: चहाचा रंग आणि क्षार. नुसता सोडा लावला तर रंग निघतो आणि क्षार राहतात. नुसतं लिंबू लावलं तर उलट. मी कितीतरी दिवस एकच काहीतरी लावत होतो आणि राप अर्धाच निघत होता.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. फेस जोरदार येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ निकामी खारट पाणी. दोन्ही कामं वेगवेगळी करायची.

आधी सोडा. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून फक्त स्टीलची गाळणी दहा मिनिटं उकळायची. सोडा पाणी तापल्यावर घातलात तर थोडा थोडा घाला, फसफसून उतू जातो. उकळताना खाण्याच्या सोड्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणून गार पाण्यात भिजवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त लागू पडतं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, काळं पडतं. मग मऊ टूथब्रशने कडेवर आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत घासायचं, म्हणजे चुरा पट्टीत आणखी न दाबला जाता मोकळ्या बाजूला येतो. नळाची धारही उलट्या गाळणीवर धरायची.

स्वच्छ विसळल्यावर आम्ल. अर्धा लिटर गरम पाण्यात एक लहान चमचा सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. त्यात वीस मिनिटं. हे पाणी तसंच किटलीत ओतलं तर काचेवरचे पांढरे डागही जातात.

जमलं का ते गाळणी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. एकेक भोक मोकळं दिसलं पाहिजे. मग गाळणी काठोकाठ भरून उचला. पाणी लगेच खाली गेलं तर ठीक. तळाशी तळं साचून राहिलं तर पुन्हा सोड्यापासून सुरुवात. मी हे महिन्यातून एकदा करतो. चोथा पंधरा मिनिटांच्या आत काढून टाकला तर एवढ्यावर भागतं. रात्रभर ओला चोथा राहिला की आठवड्याला करावं लागतं.

खरेदीचं एक राहिलं होतं. गाळणीचा तळ किटलीच्या तळापासून एक-दीड सेंटिमीटरवरच हवा. आखूड गाळणी असेल तर दोन कप पाण्यात पत्ती भिजतच नाही. ६०० मिलि लिहिलेल्या किटलीत गाळणीसकट साधारण ५०० मिलि धरा. तेवढ्याला पाच-सहा ग्रॅम पत्ती पुरे. पत्ती फुगते, म्हणून कोरडी असताना गाळणी एक तृतीयांशाहून जास्त भरू नये. तोटीचं टोक किटलीच्या काठाइतकं तरी उंच हवं, नाहीतर भरतानाच सांडतं. हात आत जाईल एवढं तोंड हवंच. बांबूचं झाकण दिसायला सुंदर, पण आमच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. स्टीलचं घ्या, आणि त्याची सिलिकॉनची रिंग आठवड्यातून एकदा काढून वाळवा.

काच बोरोसिलिकेटच घ्या. साध्या काचेच्या मानाने ती तापल्यावर साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून उकळत्या पाण्याने तडकत नाही. तरी गरम किटली थेट गार नळाखाली धरू नका. तारेची घासणी आणि राख काचेला लावू नका. बारीक ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. गाळणीला ब्लीच नको, स्टीलला खड्डे पडतात.

दुधाचा चहा हिच्यात करू नका, दूध जाळीत बसलं की सोडाही हरतो. आलं किसून न घालता चकत्या करून घाला, किसाचे धागे भोकांत विणले जातात.

सुटी गाळणी बाजारात मिळते, पण ती किटलीच्या नावावर नाही, मापावर जुळवावी लागते. तोंडाचा आतला व्यास आणि काठापासून तळापर्यंतची खोली, दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी गाळणी आत पडते किंवा झाकण बसत नाही.